मायनस अठरा

धुळ्याहून चोपड्याला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी येऊन बसला, मांडीवर खोकं घेऊन. मे महिना, खिडकीतून नुसत्या झळा. एका वळणावर खोकं कलंडलं आणि लाल काचेच्या कुप्या लावलेले पितळी स्प्रिंकलर माझ्या ओढणीत सांडले.

माझं काम नेमकं तेच. आग विझवणाऱ्या पाण्याच्या लाइनी आखायच्या, कुठे कोणता स्प्रिंकलर लावायचा ते ठरवायचं. म्हणून ते परत देता देता मी विचारलं, कुठे लावणार? त्याने सांगितलं, चोपड्याला कोल्ड स्टोरेज बांधलंय. पुढे केळीसाठी थंड खोली, मागे केळीच्या गरासाठी फ्रीजर. दोन्हीकडे हेच लावायचे. मग आवाज उतरवून म्हणाला, "आज धुळ्याच्या कुणी प्रज्ञा मॅडम तपासायला येतायत. फार कडक आहेत म्हणे."

"असतील," मी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. हसू आवरत नव्हतं.

कोल्ड स्टोरेजच्या फाटकाशी मी त्याच्या मागोमाग रिक्षातून उतरले, तेव्हा कुठे त्याला उमगलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्याचं नाव प्रशील.

फ्रीजर चाचणीसाठी सुरू होता. आत मायनस अठरा. माझे दात वाजायला लागले, तसं त्याने न विचारता आपलं जाड जाकीट माझ्या खांद्यांवर टाकलं... आणि मला थर्मामीटर दोनदा वाचावा लागला.

मग मी स्पष्ट सांगितलं. थंड खोलीत पाणी गोठत नाही, तिथे हे चालतील. फ्रीजरमध्ये नाही. पाइपातलं पाणी गोठून फुगेल, पाइप तडकेल, आणि आग लागेल त्या दिवशी पाण्याऐवजी बर्फ असेल. इथे ड्राय स्प्रिंकलर हवेत, लांब दांड्याचे. दांडा कोरडा असतो, पाणी छताच्या वर उबेत थांबतं. आगीने कुपी फुटली की झडप उघडते, मगच ते खाली येतं.

प्रशीलचे काका चुडामण नाना या धंद्यात भागीदार. ते ऐकेनात. नवे स्प्रिंकलर यायला महिना लागणार होता आणि उद्घाटन रविवारी. "बठ्ठा गावले आवतन दिधं शे, बेटा," ते म्हणाले. अख्ख्या गावाला आमंत्रण गेलं होतं; आता हो म्हण, मागून बदलू. मी नाही म्हटलं. नाना आमच्या साहेबांचे जुने गिऱ्हाईक; माझी नोकरी जाऊ शकली असती.

प्रशीलने फ्रीजरचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "नाना, आत आपली माणसं काम करणार. मागची खोली बंद ठेवू. रविवारी पुढचीच सुरू करू. गराची ऑर्डर मी पुढे ढकलतो."

नाना तणतणत निघून गेले. मी प्रशीलच्या वहीत माझा फोन नंबर लिहून दिला, जरा ठळकच.

मग त्याचे फोन सुरू झाले. दांडा किती लांब हवा? मी म्हटलं, छताच्या पॅनेलची जाडी कळल्याशिवाय कसं सांगू?

"मोजली आहे," तो म्हणाला. "पण आज सांगितली, तर उद्या काय विचारू?"

छताचं भोक कशाने बंद करायचं, नाहीतर बाहेरची दमट हवा शिरून दांड्यावर बर्फ धरेल — हेही त्याने तीनदा विचारलं. मीही तीनदा सांगितलं, दर वेळी जरा सावकाश.

जूनमध्ये नवे स्प्रिंकलर बसले. नाना शिडीखाली उभे राहून निरखत होते. "चांगलं जयं," म्हणाले आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

परतताना प्रशील मला जीपने सोडायला निघाला, शिरपूरमार्गे. सोनगीरला चहाला थांबलो. किल्ल्यावर तिरपं ऊन आलं होतं. तो कप नुसता फिरवत होता.

"काम संपलं," तो म्हणाला. "आता फोन करायला कारण नाही उरलं. आणि मला... प्रज्ञा, मला कारण न शोधता तुझ्याशी बोलायचंय. रोज. लग्न करशील माझ्याशी?"

पहिल्यांदाच त्याने मला 'तू' म्हटलं होतं. मी फोन काढला आणि घरी लावला. आईला म्हटलं, शेवभाजी जास्त कर, बरोबर कुणीतरी जेवायला येतंय.

"कोण गं?" आईने विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो श्वास रोखून बसला होता.

"आपलाच माणूस आहे," मी म्हणाले.