मधात कोण होतं?

पियुष दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पांढरकवड्याला जाणार होता, जुनी गाडी बघायला. बघायला कसली, आणायलाच. मुकुटबनच्या घरी जेवणं उरकली होती. लोडशेडिंगमुळे लाइट आठलाच गेली होती. पियुष, स्पृहा, अनघा, मी, आम्ही सगळी भावंडं ओट्यावर वामनकाकांभोवती बसलो होतो आणि कोकिळाकाकू आत कंदिलापाशी तूर निवडत होत्या.

"कागदं पाह्यले का बे गाडीचे?" काकांनी विचारलं.

"पाहू ना उद्या."

"मालक कोण हाय?"

"नागपूरले राह्यते म्हणे. सह्या करून ठेवल्या त्यानं फॉर्मवर."

"त्याले डोळ्यानं पाह्यलं का तू?"

"कायले पाहाचं काका? शेजारच्या इंदुताईचा भाचा मधात हाय ना."

स्पृहा फिसकन हसली. "मधात हाय म्हणे! तू गाडी करून राह्यला का बायको?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. सुपारी कातरता कातरता त्यांचा अडकित्ता थांबला.

आमच्याकडे बैलजोडी घ्यायची असो, शेत असो की सोयरीक, घेणाऱ्या-देणाऱ्याच्या मधात एक माणूस असतो. त्याने शब्द दिला की विषय संपला. त्यानंतर कागद मागणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर थुंकणं. लोक फसतील, पण मागणार नाहीत. शिकलेलेसुद्धा नाही.

"एक गोष्ट सांगतो," काका म्हणाले. "माह्या ओळखीतल्या माणसाची हाय. खरी हाय. रात्री झोप नाही आली तं मले शिव्या नका देऊ."

त्या माणसाचं नाव यज्ञेश्वर. मुकुटबनपासून तीन किलोमीटरवरच्या गावात राहायचा आणि जिनिंगमध्ये काट्यावर कापूस मोजायचा. साल दोन हजार सहा. कापसाला भाव नव्हता, खरेदी रखडलेली, आणि दिवाळी होऊन गेली तरी जिनिंगचं फाटक उघडलं नव्हतं. हाताला काम नाही. घरी बायको कुंदा आणि मुलगी अर्पिता. अर्पिता त्याच वर्षी सातवी झाली होती. गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढे मुकुटबनला जायचं तर वाटेत जंगलाचा पट्टा, त्यामुळे पोरी सातवी झाल्या की घरी बसायच्या. यज्ञेश्वरच्या डोक्यात एक कल्पना आली. आपण जुनी व्हॅन घ्यायची आणि पोरींना शाळेत न्यायचं-आणायचं. तो घरोघर फिरला. नऊ घरांनी होकार दिला. "तू स्वतः चालवशील तं धाडतो," एवढीच त्यांची अट होती. नऊ पोरी आणि स्वतःची दहावी.

त्याने ही गोष्ट आपल्या मित्राला सांगितली. मित्र लहानपणापासूनचा, मुकुटबनचा, चार लोकांत मान असलेला. मित्र म्हणाला, आर्णीत माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, त्याच्याकडे पांढरी व्हॅन आहे.

दोघं आर्णीला गेले. दिवस गुरुवारचा, तेवीस नोव्हेंबर, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. अमावस्या होऊन तीनच दिवस झालेले. विकणारा दुपारी भेटलाच नाही. बाहेरगावी गेलोय, संध्याकाळी या, असा त्याचा निरोप. शेवटी अंधार पडल्यावर त्याने मागच्या आवारात गाडी दाखवली, हातात बॅटरी धरून.

"मग तिथंच समजाले पाह्यजे होतं ना!" पियुष म्हणाला.

"तुले आता समजलं," काका म्हणाले. "पुढं ऐक."

कागदावर मालकाचं नाव दुसरंच होतं. फॉर्मवर सह्या आधीच केलेल्या. यज्ञेश्वर काट्यावरचा माणूस, त्याची नजर बारीक. तो म्हणाला, "मालकाले एकडाव पाह्यलं असतं तं बरं झालं असतं."

विकणाऱ्याने बॅटरी मित्राकडे वळवली. मित्रच बोलला.

"काहून? मी हाओ ना मधात. माह्यावर भरोसा नाही का तुह्या?"

झालं. यज्ञेश्वरची मान खाली गेली. त्याने बॉनेट उघडून नंबर पडताळला नाही, आरटीओत विचारू असंही म्हटलं नाही. उलट मित्राची माफी मागितली. रात्री आठला व्यवहार झाला.

यज्ञेश्वरने किल्ली घेतली, मधली सीट हाताने झाडली आणि म्हणाला, "बस. पहिली सवारी तुही."

मित्र बसला नाही. "मले व्हॅनमधी ओकारी येते," म्हणाला. त्याने यवतमाळची एसटी धरली. तिथे बहिणीकडे मुक्काम करून उद्या येतो, म्हणाला.

यज्ञेश्वर एकटाच निघाला. घाटंजी गेलं. पांढरकवडा गेलं. ढाब्यावर चहा घेतला, घरासाठी पेढे घेतले. घरी कुंदाने लक्ष्मीची पूजा मांडून ठेवली होती. गाडी आल्यावर नारळ फोडायचा, म्हणून मायलेकी जाग्या होत्या. त्याला तेच दिसत होतं. सोमवारपासून शाळेची फेरी. तो गाणं गुणगुणत होता.

झरीच्या पुढे जंगल सुरू झालं तेव्हा घड्याळात अकरा चाळीस झाले होते. चंद्राची कोर कधीच मावळली होती. रस्त्यावर दुसरी गाडी नाही. हेडलाइटपुढे सागाची पानं उडत होती.

मागून कुणीतरी खाकरलं.

त्याला वाटलं, इंजिन असेल. व्हॅनचं इंजिन सीटखालीच असतं.

पुन्हा खाकरलं.

"कोण हाय?"

"मी."

"मी कोण?"

"मी हाओ ना... मधात."

आवाज मित्राचा होता. यज्ञेश्वरला एवढं हायसं वाटलं की तो हसलाच. "अबे, भेव दाखवतं का बे! एसटीत बसला ना तू? कधी चढला? ओकारी कुठी गेली तुही?"



त्याने आरशात पाहिलं. मधल्या सीटवर एक माणूस बसलेला. बरोबर मध्यभागी. दोन्ही हात गुडघ्यांवर. मान खाली.

तो मित्र नव्हता.

गाडीत वास येत होता. मातीचा. खोल खणलेल्या, ओल्या मातीचा...

"सही..." तो म्हणाला. आता आवाज वेगळा होता. "माह्या गाडीची सही... कोणं केली?"

 यज्ञेश्वरने पाय ब्रेकवर दाबला. गाडी थांबली नाही.

"मालकाले पाहाचं होतं ना तुले?"

...

"पाह्य."

त्याने पाहिलं नाही. आरसा हाताने वर फिरवला. रस्त्यावरून नजर काढली नाही. मानेवर गार श्वास लागत होता... किती वेळ, ते त्याला माहीत नाही.

मग त्याने विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "कुठी... सोडू?"

 झाडं. पानं. अंधार.

"मधात कोण होतं?"

मागचा आवाजच पुढे म्हणाला,

"त्याच्या घरी."

काका थांबले. आत तूर निवडण्याचा आवाजही थांबला होता. अनघा पियुषला चिकटून बसली होती.

"मग?" स्पृहाने हळूच विचारलं.

यज्ञेश्वरने गाडी मुकुटबनला नेली. मित्राच्या दारासमोर उभी केली, आपल्या बाजूचं दार उघडलं आणि पळाला. चपला गाडीतच राहिल्या, पेढेही. तीन किलोमीटर अनवाणी. मागे एकदा गाडीचं मधलं दार सरकल्याचा आवाज आला. तो थांबला नाही. घरी पोचला तेव्हा कुंदा ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी.

"गाडी कुठी हाय?" तिने विचारलं.

"मालकानं नेली," तो म्हणाला आणि उंबऱ्यावरच बसला.

बेवारस गाडीची खबर लागून दुसऱ्या दिवशी पोलीस आले. गाडी त्या दारासमोरच होती. सगळी दारं आतून बंद, किल्ली आतच लटकलेली. काच फोडून उघडावी लागली. तपासात एकेक बाहेर आलं. गाडीवरचा नंबर कुठल्या तरी दुचाकीचा. चेसिसचा नंबर कानशीने घासून त्यावर नवा ठोकलेला. कागदावरच्या नावाचा माणूस त्या पत्त्यावर कधी राहिलेलाच नाही. आर्णीतलं घर भाड्याचं, त्याला कुलूप. व्हॅन खरी कोणाची आणि तो माणूस कुठे गेला, हे आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही.

साहेबाने यज्ञेश्वरला विचारलं, "व्यवहारात मधात कोण होतं?"

मित्र तिथेच उभा होता. यवतमाळहून सकाळीच परतलेला. यज्ञेश्वरने त्याच्याकडे पाहिलं. एकदाच.

"मधात कोणी नव्हतं साहेब," तो म्हणाला.

"काहून असं म्हणला तो?" पियुष चिडून उभाच राहिला. "नाव सांगाचं ना! फसवलं ना त्यानं! त्या मित्राले माहीत तरी होतं का, गाडी खोटी हाय म्हणून?"

काका अडकित्त्याकडे बघत होते. "त्यानं इचारलं होतं विकणाऱ्याले, मालक कुठी हाय म्हणून. विकणारा हसला. म्हणे, आता त्याले कायले इचारता? मित्र समजला. पण दलाली भेटून राह्यली होती... चूप राह्यला."

"अन् पोरी?" अनघाने विचारलं.

"घरी बसल्या. अर्पितासुद्धा. पुढच्याच्या पुढच्या साली लगन झालं तिचं." काकांनी कातरलेली सुपारी तशीच खाली ठेवली. "यज्ञेश्वर अजून हाय. रस्त्यानं भेटला तं रामराम घालते मित्राले. एका शब्दानं कधी बोलला नाही. बोलला असता तं..."

 लांब कुठेतरी कुत्रं रडत होतं.

"त्या मित्राचं घर कोणतं काका?" स्पृहाने विचारलं. "मुकुटबनमधीच हाय ना?"

काकांनी अडकित्ता मिटला.

दारात उजेड हलला. कोकिळाकाकू कंदील घेऊन उभ्या होत्या.

"सांगा ना," त्या म्हणाल्या. "का मी सांगू?"

"कोकिळा, जाय अंदर."

"चार वर्सं झाले, यायनं मले बोलू नाही देल्लं." काकू आमच्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. "हेच घर, पोट्टेहो. त्या रात्री मी एकटीच होती. सकाळी सडा टाकाले दार उघडलं. समोर ते पांढरी गाडी. अन् या ओट्यावर पाय उमटेल. ओल्या काळ्या मातीचे. मार्गशीर्षात कुठची ओली माती? एका पायात चप्पल, एक पाय उघडा. ओट्यावून उंबऱ्यावर. उंबऱ्यावून बैठकीत. दाराले तं मी आतून कडी लावेल होती."

त्यांनी कंदील खाली ठेवला.

"मीनंच पुसले ते. एकेक पाहून पुसले. सगळे अंदर येणारे होते..."

काकूंनी उंबऱ्याकडे बोट दाखवलं.

"बाहीर जाणारा एकबी नव्हता."