देवखाडीची लादीन

आत

पहाटेच्या धुक्यातून देवखाडीचा कोट हळूहळू वर आला, तेव्हा त्याच्या तीन बाजूंना खाडीचं पाणी, चौथ्या बाजूला मराठ्यांचे मोर्चे, बुरुजावर फिरंग्यांचं फाटकं निशाण, आणि आत, तटाला पाठ लावून बसलेली, आसपासच्या वाड्यांतून कपितानाच्या हुकुमाने हाकून आणलेली किरिस्तांव रयत, असा सगळा देखावा एकदम उजळला. आणि कोणालाही बरं वाटलं नाही.

उजाडलं म्हणजे दगड.

तोफेने पाडायचं, रयतेने रचायचं. पूर्वेचा छोटा दिंडी दरवाजासुद्धा त्यांनीच आतून दगडांनी बुजवला होता. स्वतःच्या हातांनी. कपितान दों लुईश याचे शिपाई थोडे, गोव्याहून येणारं गलबत दूर. ही माणसं गेली तर तट दोन दिवस टिकणार नाही, हे तो ओळखून होता.

त्याच दरवाजाजवळ लाकडी क्रूस होता. पाद्री तापाने गेले, तरी सांजेला तिथे लादीन होई. लादीन म्हणजे एकाने संताचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं: ओरा प्रो नोबिस. आमच्यासाठी विनंती कर.

कपितानाचा नवा हुकूम आला: सांजेला काम थांबणार नाही. जो रांग सोडून क्रूसाकडे जाईल, त्याला त्या दिवशीचं पाणी नाही.

बाहेर

सरदार हैबतराव सुर्व्यांनी वेढ्याच्या आरंभीच कपितानास निरोप धाडला होता: "आमचे वैर फिरंग्यांशी. रयतेस बाहेर सोडावे. केसासही धक्का लागणार नाही, हा आमचा शब्द."

कपितानाने उत्तर दिलं होतं: "आपल्या थोर मनाचे आम्हांस कौतुक आहे. परंतु रयत आम्ही खाडीमार्गे गलबतांनी रोज थोडी थोडी पाठवीत आहोत. आपण चिंता करू नये."

शुद्ध थाप. पण सांजेला तटापलीकडून गाणं येई ते खरंच रोज थोडं थोडं कमी होत होतं.

"माणसं निघताहेत," हैबतराव म्हणाले. "शेवटचा आवाज थांबला की समजायचं, रयत गेली. मग सुरुंगाला वात."

खाली

पूर्वेच्या तटाखाली, क्रूसाच्या नेमक्या पायाशी, सुरुंग. दारूची पिंपं ठासून भरलेली. तोंडाशी जमादार भिवा, हातात पेटता काकडा.

आत

पाण्यासाठी माणसं देवाला सोडतात असं म्हणणं सोपं आहे. तहान लागलेली नसली की.

आधी बाप्ये रांगेत राहिले. मग पोरांच्या आया. मग म्हातारे. क्रूसापाशी उरली एकटी इनास. नवरा याच तटावरून पडून गेलेला. मागे दीर, पास्कू.

आता नावही तीच घेई, उत्तरही तीच देई.

"वहिनी," पास्कू दगड खांद्यावर घेऊन जाता जाता म्हणाला, "स्वतःच हाक मारतेस, स्वतःच ओ देतेस. येड लागलं का?"

"तुम्ही द्या की ओ, भाऊजी."

"मला पाणी पाहिजे. देव उद्यापण असेल. विहीर नसेल."

"मग प्या. माझ्या वाटचं पण मागा."

"देत नाहीत ना!" तो चिडून म्हणाला. "एवढे दिवस म्हणतेस. कोण ऐकतंय?"

"मला काय ठाऊक? म्हणायचं काम माझं. ऐकायचं काम त्याचं."

त्या रात्रीही त्याने आपल्या वाटीतलं पाणी तिच्या ओठांना लावलं. तिने एक घोट घेतला आणि उरलेलं शेजारच्या तान्ह्या पोराला पाजलं. पास्कू पुष्कळ वेळ शिव्या देत राहिला.

बाहेर

छावणीत जासूद आला. अमावास्येच्या आत कोट हाती आला नाही तर हैबतरावांची सरदारी जाईल.

"सरकार, वातीला हुकूम व्हावा," भिवा म्हणाला.

"आवाज आहे अजून."

"एकच आहे, सरकार. बाई आहे कोणी."

"एक म्हणजे नाही का, भिवा?"

हैबतराव तटाकडे वळून म्हणाले, "उद्या सांजेला कान देऊ. आवाज नसला तर माझ्याकडे विचारायला येऊ नकोस."

आत

सांज. इनास क्रूसापाशी गुडघ्यांवर बसली. तोंड उघडलं.

काही नाही.

पुन्हा. ओठ हलले, घसा हलला. आवाज नाही. पाण्यावाचून तो कधीतरी दुपारीच संपला होता.

खाली

भिवाने कान भिंतीला लावला. काकडा खाली आणला.

आत

पास्कू रांगेत होता. हातात दगड. जन्मापासून प्रत्येक सांजेला, घरी, देवळात, होडीत, शेतात, आणि या नरकातसुद्धा, त्याच्या कानावर ती हाक पडली होती. तो तिला हसला होता, तिच्यापासून पळाला होता. पण ती नसलेली सांज त्याने कधी पाहिली नव्हती, आणि आता त्या रिकाम्या जागेत उभं राहणं त्याला त्या दगडापेक्षा जड झालं.

"ओरा प्रो नोबिस," तो म्हणाला.

हाकेशिवाय उत्तर. चुकीचं. कोणीतरी फिस्सकन हसलं.

त्याने दगड टाकला. "ओरा प्रो नोबिस!"

पहारेकऱ्याने बंदुकीचा दस्ता तोंडावर मारला. पास्कू रक्त थुंकला आणि पुन्हा म्हणाला. मग मागून एक म्हातारी. मग ती जिचं तान्हं पाणी प्यालं होतं. मग रांगच मोडली. इनास नुसते ओठ हलवून नावं घेत राहिली आणि अवघा कोट त्या न ऐकू येणाऱ्या नावांना ओ देत राहिला.

खाली

भिवाने काकडा मातीत खुपसून विझवला आणि धावत सुटला.

बाहेर

पण त्याच्याआधी हैबतरावांनी ऐकलं होतं. शेकडो आवाज.

"कपितान खोटं बोलला," ते म्हणाले. ढाल खाली ठेवली. पागोट्याचा शेला सोडून हातात धरला आणि बंदुकीच्या माऱ्यात, एकटे, तटाखाली जाऊन उभे राहिले.

"आतल्या रयतेने ऐकावे! तुम्हांस सोडावे म्हणून आम्ही निरोप धाडला होता. तुमच्या पायांखाली सुरुंग आहे. दरवाजा उघडा. या सुर्व्याचा शब्द आहे!"

आत

पास्कू दिंडी दरवाजाकडे वळला आणि स्वतः रचलेला पहिला दगड त्याने उपसला.

कपितान पिस्तूल घेऊन आला तेव्हा अर्धी रास हटली होती. इनास उठून नळीसमोर उभी राहिली. बोलता येत नव्हतं, म्हणून नुसती उभी.

"बाजूला हो, बाई. मी गोळी घालीन."

"घाला, साहेब," पास्कू मागून म्हणाला. "ठिणगी जपून. खाली दारू आहे म्हणे."

दों लुईशने पायांखालच्या जमिनीकडे पाहिलं. खाडीकडे पाहिलं. तिथे गलबत नव्हतं. त्याचा हात हळूहळू खाली आला. "जा," तो म्हणाला. "मला कुठे जायला जागा आहे?"

नंतर

दुसऱ्या दिवशी बुरुजावर पांढरं निशाण चढलं. वात पेटलीच नाही.

छावणीत पाणी पिऊन इनासचा घसा सुटला तेव्हा हैबतरावांनी विचारलं, "बाई, रोज गाणारी तूच? आम्ही ऐकत होतो."

"तुम्ही?" ती म्हणाली, आणि पास्कूकडे पाहून, तहानेने भेगाळलेल्या ओठांनी, हसली. "बघा, भाऊजी. तुम्ही विचारत होता."

तट कधीच ढासळला. क्रूस नवा आहे. देवखाडीची माणसं अजूनही तिथे सांजेला लादीन म्हणतात, आणि बाहेरचा पाहुणा पहिल्यांदा हमखास चुकतो. कारण पहिलं नाव तिथे कोणी घेत नाही. सगळे थांबतात. वारा, खाडी, एखादं पोर खोकतं.

मग सगळे मिळून उत्तर देतात.