हलकं काम

लीड्सच्या हॉस्पिटलातल्या लिफ्टमध्ये मी भरलेली बादली घेऊन शिरले आणि निम्मं पाणी एका मुलाच्या बुटांवर सांडलं.

"आई गं..." तो पुटपुटला.

"मराठी?"

तो हसला... आधी डोळ्यांतून, मग ओठांतून.

अनिश पुण्याचा. २००६च्या त्या हिवाळ्यात एका सॉफ्टवेअर कंपनीकडून हॉस्पिटलचे कागदी फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायला आला होता. मी, देवयानी, सफाई करणाऱ्या बायकांवर पीएचडी करत होते. त्यांच्या कामाला कोणते शब्द वापरतात आणि त्या शब्दांमुळे त्यांच्या शरीराला काय भोगावं लागतं, हा माझा विषय. त्यासाठी आठवड्यातून दोनदा त्यांच्याबरोबर फरशी पुसायचे.

मग आमचा रोज कॅन्टीनमध्ये चहा सुरू झाला.

"शब्दांनी एवढं काय होतं गं?" त्याने एकदा चिडवलं.

"तुझ्या फॉर्ममध्ये सफाईपुढे 'हलकं काम' लिहिलंय. म्हणून आमच्या सफाईतल्या मरियमचं मनगट सुजलं, तर ते कामाने सुजलं हे कुणी मानत नाही. रजाही देत नाहीत."

"जुन्या फॉर्मवरून उतरवलंय मी फक्त."

"मग उद्या फरशी पुसून बघ."

तो आला, बाह्या दुमडून. तिसऱ्या वॉर्डात त्याची बडबड थांबली. मी त्याचा लाल झालेला तळवा हातात घेतला... आणि सोडायचं विसरले.

शुक्रवारी त्याने 'हलकं' शब्द बदलायला सांगितलं, तेव्हा हॉस्पिटलचे मॅनेजर त्याला म्हणाले, "शब्द ठरवणं तुमचं काम नाही."

"खोटं लिहून मी फॉर्म देणार नाही," अनिश म्हणाला. नोकरी गेली तर व्हिसाही जाणार होता. मी माझ्या नोंदी टेबलावर ठेवल्या. खाली अकरा बायकांच्या सह्या होत्या.

पंधरा दिवसांनी 'हलकं' गेलं, तिथे बादलीचं वजन आलं. मरियमला रजा मिळाली. अनिशची मात्र कंपनीने दूर रीडिंग शहरात बदली केली.

स्टेशनवर तो म्हणाला, "लग्न करूया... माझी डिपेंडंट म्हणून ये ना तिकडे."

"डिपेंडंट? म्हणजे तुझ्यावर अवलंबून?"

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... व्हिसावर तसं लिहितात."

"माझा प्रबंध व्हायला दीड वर्ष आहे. तो संपवून, नोकरी शोधून, माझ्या व्हिसावर येईन."

"आणि... प्रेम?"

"ते आहे. म्हणून तर येईन म्हणतेय."

गाडी आली. तो बॅग उचलून चढला.

पुढच्या शनिवारी सकाळी पावणेअकराच्या गाडीने तो उतरला. हातात परतीचं तिकीट होतं, आणि दीड वर्षाचं कॅलेंडर... सगळ्या शनिवारांभोवती निळ्या पेनाने गोल काढलेले.