सडेघोलचा पाला

सडेघोलच्या वनसंशोधन केंद्रात डॉ. नासीर मुजावर यांनी टेबलावर बादली ठेवली. ते खालच्या गावचे पशुवैद्य. सकाळी मेलेल्या म्हशीच्या पोटातला चारा त्यांनी आणला होता. डॉ. शर्मिष्ठा केळुसकरने हातमोजे घालून तो चाचपला. चावल्याच्या खुणा सोडल्या तर गवत नुकतेच कापल्यासारखे हिरवे होते.

"पोट गच्च भरलेलं, आणि म्हैस उपाशी मेली," मुजावर म्हणाले. "सगुणाबाई झोरेंच्या गोठ्यातली ही दुसरी. मॅडम, तुम्ही या रानात नेमकं काय सोडलंय?"

तिने लपवले नाही. झाडे हवेतला कार्बन पानांत साठवतात. पाने गळली की मातीतले सूक्ष्मजीव त्यांचे तंतू तोडतात आणि तो कार्बन पुन्हा हवेत जातो. शर्मिष्ठेने असा विषाणू घडवला होता, जो फक्त हे तंतू तोडणाऱ्या सूक्ष्मजीवांना मारी. त्याला ती पर्णरक्षक म्हणे. चार वर्षे सडेघोलच्या डोंगरावर पान कुजले नव्हते. पाला गुडघ्याच्या वर आला होता, झाडांना खत बाहेरून द्यावे लागे. पुढच्या वर्षी हाच प्रयोग साऱ्या सह्याद्रीत व्हायचा होता.

"पण तो जनावरांना शिवत नाही. उंदरांवर तपासलंय आम्ही."

"जनावराला शिवलाच नाही तो. पण म्हैस स्वतः कुठं चारा पचवते? तिच्या पोटातले जंतू पचवतात. ओलं, उबदार, अंधारं. जंतूंच्या लेखी म्हशीचं पोट आणि तुमच्या पाल्याखालची माती सारखीच."

दोघे धनगरवाड्यावर गेले. सगुणाबाईंच्या म्हशी माना टाकून बसल्या होत्या. एकच पारडी रवंथ करत होती. तिच्या पोटातला रस तपासला, तेव्हा त्यात बदललेले जिवाणू सापडले. पर्णरक्षकाला त्यांच्यात शिरता येत नव्हते.

मुजावरांनी उपाय सांगितला: पारडीच्या पोटातला रस नळीने काढून बाकीच्यांना पाजायचा. जुनाच उपाय होता, गुण हमखास येई. शर्मिष्ठेने मात्र थांबायला सांगितले. हे जिवाणू शेणातून रानात उतरले, तर साठलेला सगळा पाला एकदम कुजेल आणि चार वर्षांचा कार्बन एका पावसाळ्यात हवेत जाईल. संस्थेच्या संचालकांनीही फोनवर तेच सांगितले. पारडी वेगळी बांधा, तिचे शेण जाळा, आम्ही ठरवतो.

"दोन दिवस द्या," शर्मिष्ठा सगुणाबाईंना म्हणाली.

सगुणाबाईंनी म्हशींकडे पाहिले. "तुम्ही शिकलेल्या. थांबते."

त्या दोन दिवसांत आणखी दोन म्हशी मेल्या. संचालकांचा निरोप आला नाही.

पारडीला हे जिवाणू मिळाले कुठून, हे शोधायला शर्मिष्ठा रानात चढली. पारडीच्या चरण्याच्या जागी पाय रुतला. खालचा पाला काळा, मऊ झाला होता. ती आणखी वर गेली, कड्यावरच्या सपाटीला, जिथे कोणतेच जनावर पोहोचत नाही. तिथेही तेच. मूठभर पाला उचलला, तर बोटांत त्याची माती झाली.

ती खालीच बसली. एका पारडीच्या पोटात असे जिवाणू घडण्यापेक्षा अख्ख्या डोंगराच्या पाल्यात घडण्याचा संभव कितीतरी अधिक होता. विषाणूने बाकी सगळे मारले होते. जे वाचले, त्यांना चार वर्षांचा पाला आयता मिळाला होता. पारडीने ते रानातूनच खाल्ले होते. शेण जाळून काहीच थांबणार नव्हते.

परत येऊन तिने हे आधी सगुणाबाईंना सांगितले, संचालकांना नंतर. मुजावरांनी रस काढायला घेतला.

"म्हंजे त्या दोघी फुकट गेल्या," सगुणाबाई म्हणाल्या.

"हो. मी थांबवलं म्हणून."

 सगुणाबाईंनी जवळच्या म्हशीचे तोंड दोन्ही हातांनी वर धरले.

"घाला नळी," त्या शर्मिष्ठेला म्हणाल्या. "माझे हात गुंतलेत."