परतीचं वळण

श्रीरंग हुद्दार यांची मोटारसायकल दोनदा नापास झाली होती आणि गाडीत काहीच बिघाड नव्हता. तिसऱ्यांदा नापास झालेली गाडी नियमाप्रमाणे तिथल्या तिथं यंत्रात चेपून तिचा ठोकळा करतात. ठोकळा मालकाला घरी नेता येतो. तेवढी माणुसकी नियमात होती.

म्हणून तिसऱ्या तपासणीच्या दिवशी तपासनीस तबस्सुम मुजावरनं खुद्द डॉ. मेघश्याम पुंडेला सोलापूरबाहेरच्या वाहन योग्यता केंद्रावर बोलावून घेतलं. हेतुदीप त्याचाच शोध होता.

पूर्वी मोटारसायकलचे बाजूचे दिवे लावायला बटण असे. लोक डावा दिवा लावून उजवीकडे वळत. काही जण गावातल्या वळणावर लावलेला दिवा तसाच लुकलुकत ठेवून दुसऱ्या जिल्ह्यात पोचत. पुंडेनं बटणच काढून टाकलं. हेल्मेटमधली बारीक जाळी मेंदूलहरी वाचते, चालकाला खरोखर कुठं जायचंय ते ओळखते आणि त्या बाजूचा दिवा आपोआप लावते; हाच हेतुदीप. दिवा न लागता वळलं, की कोपऱ्यावरचा कॅमेरा टिपतो आणि गाडी जप्त होते.

पुंडेनं हुद्दारांचं हेल्मेट उलटंपालटं करून पाहिलं. दिवे काढले, पुसले, परत लावले.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"मग तपासणीच्या धावेवर का लागत नाहीत?" तबस्सुमनं विचारलं. "चार वळणं आहेत. परवा एक बाई फोनवर भांडत भांडत पास झाल्या."

"त्या बाईंना धाव संपवून घरी जायचं होतं ना. म्हणजे प्रत्येक वळण घराकडचं. दिव्याला तेवढं पुरतं."

"आणि काकांना?"

पुंडेनं दिव्याची स्मृती पडद्यावर उघडली. कुठल्या वळणावर दिवा लागला, त्याचा नकाशा दिसू लागला.

"हे बघा. विजापूर रोडवर लागलाय, आसरा चौकात लागलाय, तुमच्या फाटकाशी लागलाय. सगळी इकडं येणारी वळणं. परतीचं एकही नाही."

"ते येताना चालवत येतात," तबस्सुम म्हणाली, "आणि जाताना ढकलत नेतात. मला वाटलं, पेट्रोल वाचवतात."

दोघांनी काचेतून बाहेर पाहिलं. हुद्दार बाकावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. नोकरीत असताना ते घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे. मीटर स्वतःलाच वाचू लागल्यापासून त्यांना कुणाच्या दारात जायचं कारण उरलं नव्हतं.

"इथं यायला एवढं काय आवडतं त्यांना?" पुंडेनं विचारलं.

"चहा मिळतो."

"सगळ्यांना?"

"नापास झालेल्यांनाच. माझ्या आधीच्या साहेबांना एकानं सायलेन्सर फेकून मारला होता. हातात गरम कप असला की माणूस काही फेकत नाही. पास झालेल्याला आम्ही कागद देतो आणि हाकलतो."

पुंडेनं कपाळाला हात लावला. "म्हणजे यांना पास व्हायचंच नाही. पास झाले, तर यायचं कारण संपलं. नापास झाले, तर गाडी संपली. मग यायचं कशावर?"

"त्यांना सांगू का, की काका, असेच येत जा चहाला?"

"सांगून बघा."

तबस्सुम हेल्मेट घेऊन बाहेर गेली आणि तिनं ते हुद्दारांना घालायला दिलं. "काका, काम नसलं तरी येत जा हो चहाला."

"हो हो, येईन ना मॅडम. नक्की," हुद्दार हसून म्हणाले.

त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. पुंडे गाडीच्या दिव्यांकडं बघत होता. एकही लुकलुकला नाही. तोंडदेखल्या होकाराला हा दिवा कधीच लागत नसे. त्याच गुणासाठी पुंडेला पारितोषिक मिळालं होतं.

तबस्सुमनं ओठ चावला. बाजूलाच गाड्या चेपायचं यंत्र गरम होत होतं. "काका, एक काम होतं," ती म्हणाली. "आमची साखर संपलीय. तेवढी धाव उरकली की कोपऱ्यावरनं किलोभर आणून द्याल का? मला जागा सोडता येत नाही."

"साखर?" हुद्दार उभेच राहिले. "बारीक की जाड?"

"जाड."

"आधी सांगायचं नाही का! चला, उरका तुमचं पटकन."

धावेवर चारही वळणांना दिवा असा लागला, की शिकाऊ चालकांना दाखवावा. तबस्सुमनं कागदावर शिक्का मारला. हुद्दारांनी तो न वाचता खिशात कोंबला आणि फाटकातून बाहेर पडले. उजवा दिवा ठसक्यात लुकलुकत होता.

तबस्सुम धावत आत गेली आणि साखरेचा भरलेला डबा घेऊन आली.

"डॉक्टर, हा घेऊन जा. ते चहा होताना माझ्या शेजारीच उभे राहतात. डबा दिसला तर परत यायचे नाहीत."

"अहो, पण एवढी साखर माझ्याकडं कोण खाणार?"

"घरी द्या कुणाला तरी. निघा, निघा आता, येतील ते."

पुंडेनं डबा आपल्या मोटारसायकलच्या टाकीवर ठेवला, हेल्मेट घातलं आणि फाटकाशी आला. त्याची प्रयोगशाळा डावीकडं होती. तो राहायचाही तिथंच, वरच्या मजल्यावर. त्याच्या घरी जायला जिना होता; वळण असं कधी लागलंच नव्हतं. सकाळी इकडं येताना दिवा लागला होता, कारण इथं त्याला कुणीतरी बोलावलं होतं.

त्यानं डावीकडं पाहिलं. दिवा लागला नाही. त्यानं हेल्मेट काढून झटकलं, परत घातलं. प्रयोगशाळेचा विचार केला. टेबलाचा केला. फ्रिजमधल्या वांग्याच्या भाजीचा केला. उजवीकडंही बघून घेतलं. कोपऱ्यावरचा कॅमेरा त्याच्याकडं शांतपणे बघत होता.

मागून हॉर्न वाजला. "ओ भाऊ, जायचंय कुठं तुम्हाला?" ट्रकवाला ओरडला.

पुंडेनं समोर पाहिलं. नियमाप्रमाणे सरळ जायला दिवा लागत नाही.

तो डबा सांभाळत सरळ निघाला. समोर हैदराबादचा रस्ता होता.