गच्चीवरचा पांढरा कागद

शिवकन्याबाई गुप्तहेर काकासाहेबांच्या मस्तगड भागातल्या खोलीत आल्या आणि उभ्याच राहिल्या. काकासाहेबांनी खुर्ची पुढे केली, तर म्हणाल्या, "बसायला वेळ न्हाई. उद्या अकराला सुनावणी हाय."

त्यांच्या गावाला लागून लोखंड वितळवणाऱ्या दोन भट्ट्या होत्या. मालकाला तिसरीची परवानगी हवी होती. म्हणून शिवकन्याबाईंच्या शेजारी राहणाऱ्या तुळजाबाईंच्या गच्चीवर आठ दिवस सरकारी यंत्र बसवलं होतं. ते हवा ओढतं, धूळ कागदावर साचते. आठही कागद जवळजवळ पांढरे निघाले.

"गावात गच्चीवर कुनी वाळवण घालत न्हाई, तासाभरात काजळी बसते. आन् कागद पांढरा? माझ्या वडलांची धाप थांबंना. धूर अजून वाढला तर माणूस हाती लागायचा न्हाई, म्हणतेत डॉक्टर. आन् लोक म्हणून राह्यले, रखमाजी सोंग करतो."

सोबती अप्पारावांनी तिथंच मालकाला दोषी ठरवलं. काकासाहेब हसले. "तुमचा निकाल नेहमी सुनावणीआधी लागतो."

तिघं लगोलग गावी पोचले.

भट्टीचा पहारेकरी मच्छिंद्र म्हणाला, "बंद? एक दिस न्हाई, साहेब. बराबर चालू."

यंत्र सांभाळणारा संपत सामान आवरत होता. "कुलूप माझं, किल्ली माझ्या कमरेला. सकाळी नऊला कागद बदलला की मंग दुसऱ्या दिवशीच येतो. कुलपाला वरखडा न्हाई."

तुळजाबाई एकट्याच राहत. त्यांनी आग्रहानं कुरडया तळल्या. "आपल्याच गच्चीवर वाळवल्या. कशा झाल्या?"

"दुधासारख्या!" अप्पाराव खूश झाले आणि हात धुवायला न्हाणीत गेले. बादलीत एक धोतर भिजत होतं, पाणी काळंभोर. हात न धुताच ते परतले आणि धोतराचं पाणी काळं असल्याचं बोललेही.

काकासाहेबांनी ताटली खाली ठेवली.

"कागद कुणी बदलला नाही. कुलूप शाबूत आहे, भट्ट्याही चालू होत्या. पण सगळ्या गावात वाळवण काळं पडतं आणि इथलं पांढरं राहतं, म्हणजे वर कापड होतं. एकट्या बाईच्या घरात धोतर काळं होतं, तेच ते कापड. तुळजाबाई, यंत्रावरही घातलंत ना?"

"व्हय," त्या सहज म्हणाल्या. "आमच्या घरधन्याचं जुनं धोतर, मोठं हाय. पाहुण्याची वस्तू आपल्या घरी काळी पडू द्यावी का? संपतभाऊ यायच्या आत काढून भिजत घालायची रोज."

शिवकन्याबाईंना रडू फुटलं. "मावशी, काय केलंत हे!"

"कागदावर यायचं ते धोतरात अडकलं," काकासाहेब हळू आवाजात म्हणाले. "उद्या हे तुम्हीच सांगा. पुन्हा मोजणी मागू."

तुळजाबाईंचा चेहरा उतरला. "सांगते. पर आधी रखमाजीभाऊकडं जाते. काल हापशावर मीच म्हणले, म्हातारा सोंग करतो."

त्या शेजारच्या दारापर्यंत गेल्या. आत खोकल्याची उबळ आली होती. ती थांबेपर्यंत त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. बराच वेळ ती थांबली नाही.