कोरडी बाजू

सोड्याच्या भट्टीत भांड्याला झिलई आपण लावतच नाही. आग पिवळीधमक झाली, की खायचा सोडा गरम पाण्यात विरघळवून फवारणीच्या पंपाने आत मारायचा. त्याची वाफ आगीबरोबर फिरते आणि मातीला शिवेल तिथे काच चढवते. वाटेत काही आडवं आलं, तर त्याच्यामागची माती कोरडी राहते. एवढंच. भूतखेत आमच्या घरात कुणी मानत नाही, मी तर मुळीच नाही.

माझी भट्टी दोंडाईच्याला, गावाबाहेर, मिरच्या वाळवतात त्या पथारीला लागून. माझा नवरा, प्रशील, जाऊन आठ महिने झाले. त्याने चाकावर काढलेले अकरा पेले कच्चेच राहिले होते. त्याच्या हातचं माझ्याकडे तेवढंच. मला रडू आलं नव्हतं. सासूबाई, आक्काबाई, रोज म्हणायच्या, "रडी ले, पोरी. आंग हलकं व्हई." काय करू, आतून काही हलतच नव्हतं. पेले भाजून हातात आले की येईल, असं धरून चालले होते.

मार्चमध्ये भट्टी लावली. माणूस वाकून आत शिरेल एवढी मोठी. पेले कडेकडेने फळ्यांवर मांडले, मधली जागा आगीला फिरायला मोकळी सोडली, दार विटांनी बंद केलं. आक्का दिवसभर माझ्याशेजारी बसून बाभळीची लाकडं सरकवत होत्या.

दोन दिवसांनी भट्टी निवल्यावर विटा काढल्या. पेले भिंतीकडच्या बाजूने तकतकीत, संत्र्याच्या सालीसारखे खरबरीत. मधल्या जागेकडची बाजू मात्र सगळ्यांची कोरडी. माझं डोकंच फिरलं. मध्ये काही नव्हतंच, तर अडवलं कशाने?

आक्का दारातून बघत होत्या. "आठे कोन बठेल व्हतं?"

"कायतरीच काय, आक्का! साडेबाराशे अंशात कोण बसेल?"

एक पेला उचलून मी आत शिरले आणि गुडघे पोटाशी घेऊन मध्ये बसले.

खांदा आला तिथे कोरडं. गुडघ्यांसमोर कोरडं. मागच्या भिंतीवर, माझ्या अंबाड्याशी, वाटोळी कोरडी खूण.

बोटभरही फरक नाही.

"आक्का, त्या दिवशी मी कुठे होते?"

"मनाजोडे व्हती तू. दिनभर." लाकडांपाशी आम्ही दोघी बसलो होतो तिकडे त्यांनी बोट केलं. "पन एक सबद बोलनी नही."

भ्यायला हवं होतं. नाही भ्याले. पेला हातात होता, आणि तो गार आहे की गरम, तेही कळेना.

"बाहेर निंघ, माय." आक्कांनी माझं मनगट धरून ओढलं. त्यांची बांगडी माझ्या हातावर आपटली.

खणकन् वाजलं.

आक्कांनी हात सोडला. मग बाजारात मडकं घेताना बघतात तसं, बोट वाकवून त्यांनी माझा हात हळूच पुन्हा एकदा वाजवला.